शब्दांची ओळख : ‘हंच’ म्हणजे मनाची ढुसणी



इंग्रजी शाळेत जाणारी आपली मुले ‘आय हॅव अ हंच’ असे सहज म्हणून जातात. साध्या मराठीत याचा अर्थ, “कारण सांगता येत नाही, पण मला आतून तसे वाटते.” या शब्दाचा जुना अर्थ ढकलणे, ढोसणे असा होता. तेव्हा हंच ही मनाने दिलेली ढुसणी आहे, निकाल नव्हे.

आपल्याकडे जवळचे शब्द पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाची जागा वेगळी. मनात पाल चुकचुकते ती वाईटाच्या शंकेने. हंच चांगल्या गोष्टीचाही असतो. कुणकुण लागते ती कानावर काही आल्यामुळे. अंदाजाची कारणे सांगता येतात, हंचची येत नाहीत. सदसद्विवेकबुद्धी योग्य-अयोग्य सांगते. हंच फक्त काय असेल किंवा काय घडेल ते सुचवतो.

मग त्यावर विसंबावे का? डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली याचे उत्तर मांडले. ज्या कामात खुणा ठरलेल्या असतात आणि आपले चुकले की बरोबर, हे लवकर कळते, तिथे मुरलेल्या माणसाचे आतून वाटणे भरवशाचे असते. मावळात जन्मभर भात लावणारा शेतकरी “आज ओढ्याला पाणी येणार” म्हणाला, तर ऐकावे. पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याच्या “काही होत नाही” या वाटण्यामागे असा अनुभव नसतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात अचानक पाणी वाढले आणि एकाच कुटुंबातले पाच जण गेले. पाणी विचार करायला वेळ देत नाही.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवू या. मन धोक्याची ढुसणी देईल तेव्हा लगेच थांबावे; चुकलो तर फार तर सहल हुकेल. पण ढुसणी एखाद्या माणसाविषयी असेल, तर आधी तपासावे. घरातले पैसे सापडेनात की “मला वाटलेच होते” म्हणत आपण कामवाल्या बाईकडे बोट दाखवतो. पैसे मागाहून कपाटात सापडतात, पण तिची गेलेली अब्रू परत येत नाही.

घरी बोलण्यासाठी : या आठवड्यात आपण कोणाविषयी नुसत्या वाटण्यावरून मत बनवले? ते तपासून पाहिले का?