सकाळची घाई आणि मुलांची पोटदुखी

जऊळक्याचा तिसरीतला एक मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला. शाळेत गेला की पोट दुखायचे. जंताचे औषध देऊन झाले होते, 'शाळेचा कंटाळा' म्हणून मारही खाऊन झाला होता. पोट तपासले तर डाव्या बाजूला खाली मळाचे घट्ट गोळे हाताला लागले. खोदून विचारले तेव्हा कळले, तो चार-चार दिवस शौचास जात नव्हता. सकाळी घाई आणि शाळेत लाज. पोर खरेच बोलत होते. जंताचे ते औषध मीच दिले होते. तेव्हा हा साधा प्रश्न विचारायचे राहून गेले होते.

असे का होते? खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते आणि काही वेळात शौचाची भावना होते. सकाळी ती अधिक जोरदार असते. नेमक्या त्याच वेळी आपण पोराच्या पाठीवर दप्तर चढवतो. भावना दाबली की मळातले पाणी आतडे शोषून घेते, मळ कडक होतो आणि जाताना दुखते. दुखते म्हणून मूल पुन्हा दाबते. कधी कडक मळाच्या बाजूने पातळ मळ पाझरून चड्डी खराब होते. पालकांना ते जुलाब वाटतात!

उपाय रात्रीपासूनच सुरू होतो.

१) सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. सहाला उठायचे तर नऊला झोप लागलेली हवी. टीव्ही, मोबाईल त्याआधी बंद.

२) दप्तर, गणवेश रात्रीच काढून ठेवावा. पहाटे स्वयंपाक उरकून शेतावर जाणाऱ्या आईवरच सगळा भार नको. हे काम वडिलांनी व मुलांनी करावे.

३) उठल्यावर पाणी. मग दुधात कुस्करलेली भाकर, पोहे किंवा उसळ. नुसता चहा-टोस्ट हा नाश्ता नव्हे.

४) खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटे शौचास बसवावे. झाले नाही तरी रागावू नये.

५) दिवसभर पुरेसे पाणी, जेवणात पालेभाजी आणि पेरूसारखी फळे.

अपुऱ्या झोपेचा विचार करूनच राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असे ठरवले. पण उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळची शाळा असते. तेव्हा झोपण्याची वेळही तितकीच अलीकडे आणावी.

मळातून रक्त, हिरवी उलटी, फुगलेले पोट, ताप, घटणारे वजन किंवा झोपेतून उठवणारी कळ, यांपैकी काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. जुलाबाचे औषध मनाने देऊ नये.

त्या मुलाला थोडे दिवस औषध लागले, पण सवय बसायला दोन-अडीच महिने गेले. तो आता शाळेतून पोट धरून परतत नाही. घरी सगळे अर्धा तास आधी उठतात, एवढाच काय तो फरक!