अंगणातील फुलझाडे : निवड आणि निगा

घरापुढील तुळशीवृंदावन आणि त्याच्या भोवतीची चार फुलझाडे ही आपल्या ग्रामीण जीवनाची जुनी खूण होय. पूजेला फुले हवीत, वेणीला गजरा हवा, एवढ्याच अपेक्षेने ही झाडे लावली जात. आज शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, पंचायत कार्यालय अशा सार्वजनिक ठिकाणीही बाग फुलविण्याची हौस दिसून येते. तथापि अनेक ठिकाणी पावसाळ्यात समारंभपूर्वक लावलेली रोपे पुढील उन्हाळा पाहत नाहीत. काही ठिकाणी ती जगतात, पण नको त्या जागी जगल्यामुळे धोका निर्माण करतात. या दोन्हींचे मूळ एकच असते. झाडाची निवड करताना जमीन, पाणी आणि त्याच्या सान्निध्यात वावरणारी माणसे व जनावरे यांचा विचार झालेला नसतो.

हंगामी फुलझाडांना दरवर्षी नवे बी, नवी रोपे आणि सतत पाणी लागते. बहुवर्षायू फुलझाडे व झुडपे एकदा रुजली की अनेक वर्षे फुलतात. ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते, तेथे त्यांचाच आश्रय घेणे शहाणपणाचे ठरते.

जमिनीप्रमाणे निवड

कोकणातील तांबडी जमीन आम्लधर्मी असते. अनंत आणि एक्झोरा ही झुडपे तेथे उत्तम वाढतात. हीच झाडे देशावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लावल्यास त्यांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. जमिनीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही, हे त्याचे कारण. अशा ठिकाणी अनंताचा आग्रह सोडून तगर, जास्वंद किंवा बोगनवेल लावावी. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून तेथे लागवडीची जागा थोडी उंच करून घ्यावी.

कोरडवाहू भागास बोगनवेल विशेष अनुकूल आहे. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती असून, बूगॅनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रवासात, 1767 च्या सुमारास, ती युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस आली. ज्यांना आपण तिची रंगीत फुले समजतो ती वस्तुतः पानेच होत. खरी फुले आत असतात, ती लहान व पांढुरकी. तिला पाणी अधिक दिल्यास पानांचा भार वाढतो व बहर कमी येतो. सह्याद्रीच्या उतारावर आपोआप वाढणारी धायटी, तसेच कोरांटी, या देशी झुडपांचाही विचार व्हावा. धायटीच्या लालभडक फुलांवर सूर्यपक्षी आवर्जून येतात.

मोरीचे पाणी जेथे साचते तेथे कर्दळ लावावी. ओल तिला मानवते, आणि सांडपाण्याचे डबके होण्याचेही टळते. बारमाही ओलाव्याच्या, अर्धसावलीच्या जागी सोनटक्का चांगला येतो.

लागवड व छाटणी

जास्वंद, तगर, कण्हेर, बोगनवेल, मोगरा यांची अभिवृद्धी फाटे कलमाने होते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व फांदीचे 15 ते 20 सेंटिमीटर लांबीचे, तीन-चार डोळे असलेले तुकडे घ्यावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली घ्यावा. पावसाळ्याच्या आरंभी हे काम केल्यास यश अधिक येते.

झुडपांसाठी 45 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत. ते भरताना मातीत पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. अर्धवट कुजलेल्या खताने वाळवीस आमंत्रण मिळते. पाऊस संपताच बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन पसरावे. त्यामुळे ओल टिकते व पाण्याची बचत होते.

जास्वंदीस नव्या फुटीवर फुले येतात. म्हणून थंडी सरताना तिची हलकी छाटणी करावी. मोगऱ्याचे पाणी हिवाळ्यात कमी करून जानेवारीच्या अखेरीस छाटणी करावी, आणि नंतर खत व पाणी द्यावे. उन्हाळ्यात भरघोस कळ्या येतात. जास्वंदीच्या शेंड्यावर पिठ्या ढेकूण दिसताच तो भाग कापून नष्ट करावा.

शोभेआडचा धोका

कण्हेरीला जनावर तोंड लावत नाही, म्हणून ती कुंपणाला लावण्याची प्रथा आहे. परंतु तिचे मूळ, पान, फूल असे प्रत्येक अंग विषारी असून ते विष हृदयाच्या क्रियेवर परिणाम करते. ओले पान टाळणारे जनावर चाऱ्यात मिसळलेले वाळके पान नकळत खाऊ शकते, आणि वाळल्याने त्याचे विष नाहीसे होत नाही. म्हणून छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नयेत, तसेच त्या जाळूही नयेत. पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, तर मुलांच्या दृष्टीने अधिक घातक आहे. तिच्या कठीण बिया मुले खेळण्यासाठी गोळा करतात आणि एखादी तोंडात जाऊ शकते. शाळा व अंगणवाडी यांच्या आवारात या दोन्ही वनस्पती असू नयेत. तेथे तगर, जास्वंद, कुंती किंवा अबोली लावणे श्रेयस्कर.

एखाद्या मुलाने असे काही खाल्ल्याची शंका येताच मीठपाणी पाजून उलटी करविण्यात वेळ दवडू नये. लक्षणांची वाट न पाहता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे, वाहनासाठी 108 क्रमांकावर संपर्क साधावा आणि त्या झाडाची फांदी वा फळ सोबत न्यावे. त्यामुळे डॉक्टरांना निदान करणे सुलभ जाते.

घाणेरीची कथाही बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून ती भारतात आणली गेली. पक्ष्यांनी तिची फळे खाल्ली, बी दूरवर पसरले, आणि आज तिने माळ, गायराने व जंगले व्यापली आहेत. ती खाल्लेल्या गुराढोरांचे यकृत बिघडते व उन्हाने त्यांची कातडी सोलवटते. नुसती तोडल्याने ती पुन्हा फुटते. फळे धरण्यापूर्वी मुळासकट उपटणे हाच उपाय होय. एका बागेतील हौस साऱ्या रानाला किती महाग पडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवारातील प्रत्येक झाडाची ओळख करून द्यावी, विषारी झाडे आवर्जून दाखवावीत. पंचायत सदस्यांनी वृक्षारोपणाच्या यादीत नावे घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, ही जमीन त्यास मानवेल काय, आणि येथे मुले व गुरे वावरतात काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर लावलेली दहा झाडे, घाईने लावलेल्या शंभरांपेक्षा गावाच्या अधिक उपयोगी पडतील.