गाळ्याचा वापर बदलण्याआधी

कापडाचे दुकान बंद करून त्याच गाळ्यात खानावळ काढणे हा कायद्याच्या दृष्टीने नुसता धंद्यातला बदल नसतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधील ‘विकास’ या संज्ञेत बांधकामाबरोबरच इमारतीच्या वापरातला मोठा बदलही येतो. त्यामुळे एकही भिंत न हलवता परवानगीची गरज उभी राहू शकते. तोडफोड केलीच नाही, मग परवानगी कशाला, या समजुतीपायी अनेक गाळेधारक अडकले आहेत.

किराणा दुकानाच्या जागी स्टेशनरी आली, तर वापराचा वर्ग सहसा तोच राहतो. दुकानाचे उपाहारगृह झाले किंवा गोदामात शिकवणीवर्ग भरू लागला, की माणसांची वर्दळ, वाहनतळाची गरज, सांडपाणी आणि आगीचा धोका सगळेच बदलते.

अडकलेल्यांचा अनुभव बहुधा एकाच क्रमाने जातो. गाळा पसंत पडतो, डिपॉझिट दिले जाते, ओटा आणि भट्टी बसते. गुमास्ता निघतो, अन्न परवानाही हाती येतो. मग वरच्या मजल्यावरून धुराची तक्रार जाते आणि पालिकेचा अभियंता मंजूर नकाशा घेऊन दारात उभा राहतो. नकाशात त्या जागी ‘दुकान’ असे लिहिलेले असते. अधिनियमाच्या कलम 53 किंवा 54 खाली नोटीस निघते, धंदा थांबतो. भाडे मात्र चालूच राहते. अशा वेळी गुमास्ता आणि अन्न परवाना पुढे करून काही साधत नाही. पहिला आस्थापनेपुरता, दुसरा अन्नाच्या सुरक्षिततेपुरता. इमारतीचा वापर मंजूर करण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाचाच.

म्हणून आधी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. मालकाकडे ते नसेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून पालिकेकडून प्रत मागता येते. नकाशा हातात घेऊन गाळ्यात फिरावे. नकाशात नसलेला पोटमाळा, मागच्या मोकळ्या जागेवर टाकलेले पत्रे, समोरची वाढवलेली ओटी यांपैकी काही सापडले, तर वापर बदलाचा प्रस्ताव तिथेच अडू शकतो. ते बांधकाम आधीच्या भाडेकरूने केले होते, हे उत्तर पुरत नाही.

निवासी विभागात कोणता धंदा चालेल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरही ठरते. राज्याच्या बहुतेक शहरांत 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, मुंबईची नियमावली वेगळी आहे. एका शहरातल्या मित्राचा सल्ला दुसऱ्या शहरात जसाच्या तसा लागू पडत नाही, तो याचमुळे. साठ दिवसांत उत्तर आले नाही म्हणजे परवानगी मिळाली, असे सर्रास सांगितले जाते. कायद्यात मानीव परवानगीची तरतूद आहे खरी, पण प्रस्ताव नियमांत बसणारा असेल तरच. तिच्या भरवशावर भट्टी पेटवू नये.

अग्निसुरक्षेच्या अटी कितीही जाचक वाटल्या तरी त्यांत पळवाट शोधू नये. डिसेंबर 2017 मध्ये लोअर परळच्या कमला मिल आवारातील उपाहारगृहांच्या आगीत 14 जणांचा बळी गेला. लहान गाळ्यात गॅस सिलिंडर, एकच दार आणि वर राहती घरे हा संयोग फार वाईट असतो. बाहेर पडायचा रस्ता मोकळा ठेवणे आणि धुराडे थेट वर नेणे यांवर होणारा खर्च टाळण्याजोगा नाही.

मालकाची लेखी संमती आणि इमारत सोसायटीची असेल, तर तिचे ना हरकत पत्र सुरुवातीलाच मिळवावे. ठरलेल्या वापराबाहेर जागा वापरली, तर भाडे नियंत्रण कायद्याखाली मालक ताबाही मागू शकतो. करारात नव्या वापराचा स्पष्ट उल्लेख हवा. परवानगी नाकारली गेल्यास डिपॉझिट परत मिळेल आणि ती मिळेपर्यंत भाडे सुरू होणार नाही, ही दोन कलमे त्यात नसतील, तर करारावर सही करू नये.