जुन्या लॅपटॉपकडे घराचे दप्तर सोपवावे

पुणतांबा, ता. राहाता



घरातील लॅपटॉप संथ झाला की तो भंगारात द्यावा असेच सामान्यतः सुचते. परंतु यंत्र जुने होणे आणि निरुपयोगी होणे या भिन्न गोष्टी आहेत. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या एका एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाची चाचणी झाली, तेव्हा मुलांना मिळालेल्या यंत्राची रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरते धरून ठेवणारी स्मृती, अवघी २५६ मेगाबाइट होती, आणि तेवढ्यावर मुले लिहीत, चित्रे काढीत, छायाचित्रेही टिपीत. घरी पडून असलेल्या लॅपटॉपची रॅम ४ गिगाबाइट असली, तरी ती त्याच्या सोळापट भरते.

संथपणाचे मूळ पुष्कळदा हार्ड डिस्कमध्ये, म्हणजे फिरत्या तबकड्यांवर माहिती साठवणाऱ्या भागात असते. तिच्या जागी फिरते भाग नसलेली एसएसडी बसवली की यंत्राचा वेग लक्षणीय वाढतो. विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली घालावी. बॅटरी फुगलेली दिसल्यास ती आधी काढवून घ्यावी आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये, कारण तिला आग लागू शकते.

यानंतरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. अशा यंत्रावर दहा कामे लादण्यापेक्षा त्याला एकच काम द्यावे, आणि पुणतांब्यातील घरात ते काम दप्तर राखण्याचे असावे. ज्यांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले असे परंपरा सांगते, त्या चांगदेवांची समाधी याच गावी आहे. लिहिलेले जपण्याचे मोल या गावाला परके नाही. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची ठिणगी येथील ग्रामसभेच्या ठरावातून पडली, परंतु त्या दिवसांची छायाचित्रे आणि चित्रफिती आज बंद पडत चाललेल्या मोबाइलमध्ये विखुरलेल्या असतील, तर त्या गोळा होणे निकडीचे आहे. त्यांच्याबरोबर सातबाराचे जुने उतारे, फेरफाराच्या नोंदी, कारखान्याच्या ऊसबिलांच्या पावत्या आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रणही ठेवावे.

प्रत्येक फाइलचे नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू करावे, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. पूर्वी डीटीपी केंद्रात जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या संकेतप्रणालीत, बदलून घ्यावा, तरच त्यात शोध घेता येतो. छायाचित्रांतील माणसे ओळखणारे वडीलधारे शेजारी बसवून नावे मात्र लगेच लिहून घ्यावीत. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये, कारण कागद पुन्हा मिळू शकेल, पण चेहऱ्याचे नाव सांगणारा माणूस मिळणार नाही. सगळ्या संग्रहाची एक प्रत बाह्य डिस्कवर उतरवून ती दुसऱ्या घरी ठेवावी आणि दर दिवाळीला ती उघडते की नाही हे तपासावे.

— काका