संगीतवेडा राजा आणि आपले गायनमंडळ



गायनमंडळाविषयी दोन तक्रारी आमच्या कानावर नेहमी येतात. एक, "फादर, मंडळी चार आवाजांत गातात खरी, पण शब्द कळत नाहीत." दुसरी, "सिनेमाच्या चालीवर भक्तिगीत कशाला?" या तक्रारी आजच्या नाहीत. १५४९ साली चिरिल्लो फ्रांको या इटालियन धर्माधिकाऱ्यांनी एका पत्रात हेच गाऱ्हाणे मांडले होते. एक गायक एक शब्द म्हणतो, त्याच क्षणी दुसरा वेगळाच, मग प्रार्थना पोहोचणार कशी? आणि 'शस्त्रधारी पुरुष' या लौकिक गाण्याची चाल घेऊन मिस्सा रचायचे कारण काय?

बरोबर शंभर वर्षांनी, १६४९ मध्ये, या पत्राला छापील उत्तर दिले ते एका राजाने. पोर्तुगालचे राजे जुआंव चौथे यांनी 'आधुनिक संगीताचे समर्थन' हा ग्रंथ लिहिला. आपल्यासाठी हा राजा अगदीच परका नाही. त्या काळी वसई, ठाणे आणि आपल्या शेजारचे उरण त्याच्याच अमलाखाली होते. पुढे त्याची मुलगी कॅथरिन हिच्या विवाहाच्या करारात, १६६१ साली, मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली.

जुआंवचा जन्म १९ मार्च १६०४ चा, म्हणजे संत योसेफाच्या सणाचा. घराणे ब्रागांझाच्या ड्यूकांचे. व्हिला व्हिसोझा येथील त्यांच्या वाड्यातील प्रार्थनामंदिरात उत्तम गायकवृंद होता, त्यामुळे मुलगा संगीतातच वाढला. पोर्तुगाल तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. १ डिसेंबर १६४० रोजी सरदारांनी उठाव करून त्याला गादीवर बसवले. स्पेनशी युद्ध सुरू, तिजोरीची ओढाताण, तरी राजाचे युरोपभरातून संगीताची पुस्तके मागवणे काही थांबले नाही! १६४६ साली त्याने आपले राज्य निष्कलंक मरियेला अर्पण केले. त्यानंतर पोर्तुगालच्या राजांनी डोक्यावर मुकुट घातला नाही.

त्या पिढीत पोर्तुगालमध्ये बहुस्वरी गायन ऐन बहरात होते. बहुस्वरी म्हणजे सर्वांनी एकच चाल गाणे नव्हे. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास या प्रत्येकाची चाल स्वतंत्र. एकाने सुरू केलेले दुसरा मागून उचलतो आणि सगळे मिळून एक होते. एव्होराच्या महामंदिरात मानुएल मेंदिश यांच्या हाताखाली दुआर्ते लोबो, मानुएल कार्दोझो आणि फिलिप द मागाल्यांइश हे तिघे तयार झाले. कार्मेलाइट संघाचे फादर कार्दोझो यांनी १६२५ मधला आपला मिस्सांचा पहिला ग्रंथ, जुआंव राजा होण्यापूर्वीच, त्याला अर्पण केला होता.

राजाच्या संग्रहाची छापील सूची १६४९ चीच. तिचा पहिला भागच पाचशेवर पानांचा आहे. पण १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकल संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंप झाला. त्यात हा सारा संग्रह गेला. सूची उरली, संगीत नाहीसे झाले. लोबो व कार्दोझो यांचे जे छापून बाहेर गेले होते, ते मुख्यतः वाचले. राजाच्या नावावर आज गायली जाणारी 'क्रुक्स फिदेलिस' ही क्रुसाची रचना त्याची नसावी, असे अभ्यासक मानतात.

ही गायनविद्या आपल्या किनाऱ्यावरही रुजली. गोव्यात धर्मग्रामांच्या शाळांमधून 'मेस्त्री' मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. उपवासकाळातील मोतेत तिथे आजही गातात. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय वादक मुंबईच्या सिनेसंगीतात आले आणि चित्रपटांतही सुरावटींची अशी गुंफण ऐकू येऊ लागली. म्हणजे देवाणघेवाण दोन्हीकडून झाली, हेही दुसऱ्या तक्रारीचा विचार करताना ध्यानात घ्यावे.

मग बरोबर कोण? आम्हांला विचाराल तर शब्दांच्या बाबतीत फ्रांको, आणि संगीताच्या बाबतीत राजा. ग्रीक तत्त्वज्ञांचे दाखले देत जुन्या संगीतालाच मन हलवण्याची शक्ती होती असे म्हणणे आम्हांला पटत नाही. मात्र मिस्सात शब्द हरवला तर उरतो तो निव्वळ कार्यक्रम. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ग्रेगोरियन गायनाला पहिला मान दिला, बहुस्वरी गायनाला जागा ठेवली, आणि भाविकांचा सहभागही मागितला. आमच्या मते 'पवित्र, पवित्र, पवित्र' आणि 'हे देवाच्या कोकरा' ही सर्वांनी एका चालीत गावीत. अर्पणविधीच्या वेळी किंवा कम्युनियननंतर गायनमंडळाने चार आवाजांत खुशाल गावे. तेव्हा आपण बसून ऐकावे. सिनेमाच्या चालीचे म्हणाल, तर ती ऐकताच नटनटी डोळ्यांपुढे येत असतील तर ती नको. गायनमंडळाच्या प्रमुखांशी आम्ही यावर बोलणार आहोत. बास गाणाऱ्या पुरुषांची वाणही आहेच.