रात्री पाय स्वस्थ का बसत नाहीत?

दिवसभर काही नसतं. स्वयंपाक, नोकरी, बाजारहाट या धावपळीत पायांची आठवणसुद्धा होत नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की थोड्याच वेळात पोटऱ्यांच्या आत काहीतरी सुरू होतं. कोणी सांगतं किडे वळवळतात, कोणी म्हणतं आतून शिवशिवतं, कोणाला नसा ओढल्यासारख्या वाटतात. पुष्कळांना शब्दच सापडत नाही. ‘पाय कसेतरीच होतात हो डॉक्टर’ एवढंच म्हणून ते गप्प होतात. पाय हलवला की बरं वाटतं, स्थिर ठेवला की पुन्हा तेच. शेवटी माणूस उठतो, अंधारात घरभर फेऱ्या मारतो, पहाटे कधीतरी डोळा लागतो आणि लगेच गजर वाजतो.

याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं. स्वीडनचे मेंदूविकारतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास मांडला, म्हणून विलिस-एकबोम आजार असंही त्याचं नाव आहे. इतका जुना, इतका नीट ओळखलेला आजार, आणि तरी आपल्याकडे रुग्णाला ‘वय झालं’, ‘टेन्शन घेता’, ‘दमता फार’ असं सांगून परत पाठवलं जातं. मला याचं वाईट वाटतं, कारण यातल्या अनेकांना एका साध्या रक्ततपासणीनं वाट सापडू शकते.

निदानासाठी एमआरआय लागत नाही. चार प्रश्न पुरतात. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते का? ती बसल्यावर किंवा पडल्यावर सुरू होते का? चालल्यावर, ताणल्यावर निदान तेवढ्यापुरती थांबते का? आणि दिवसापेक्षा संध्याकाळी-रात्री जास्त छळते का? चारही उत्तरं ‘हो’ असतील आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर निदान जवळजवळ झालंच. पायात गोळा येणं वेगळं: त्यात पोटरी दगडासारखी घट्ट होते आणि कळ जीवघेणी असते. मधुमेहातली तळपायांची आग किंवा बधिरपणा चालल्यानं कमी होत नाही. रक्तपुरवठा कमी असेल तर उलटंच घडतं, चालताना पोटऱ्या दुखतात आणि थांबल्यावर थांबतात. आणि खुर्चीत बसून पाय हलवण्याची सवय, ज्यावरून घरातली मोठी माणसं मुलांना दटावतात, ती नुसती सवय असते.

आता मुख्य गोष्ट. या आजारात मेंदूच्या काही भागांत लोह कमी पडतं आणि डोपामिन या रसायनाचं काम बिघडतं. आनुवंशिकतेचाही हात असतो. आई किंवा मावशी रात्री पाय आपटायच्या, असं पुष्कळजण आठवून सांगतात. आई-वडिलांकडून आलेलं बदलता येत नाही. लोह मात्र भरून काढता येतं, म्हणून मी प्रत्येक रुग्णाला आधी फेरिटिन तपासायला सांगतो. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. ‘माझं हिमोग्लोबिन तेरा आहे, मला कसली कमतरता?’ असं विचारणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतो, की साठा आधी आटतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. हिमोग्लोबिन उत्तम असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं.

रिपोर्ट वाचतानाही एक गफलत होते. लॅबच्या छापील तक्त्यात स्त्रियांचं फेरिटिन पंधरा-वीस असलं तरी बहुधा ‘नॉर्मल’ लिहून येतं. या आजारात आम्ही तो आकडा पुरेसा मानत नाही. मोठ्या माणसाचं फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम किंवा त्याखाली असेल तर लोहाचा उपचार करावा, असं तज्ज्ञांचं मत आहे. म्हणजे रिपोर्टवर लाल खूण नसतानाही तुम्हाला उपचाराची गरज असू शकते. फेरिटिनबरोबर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही करून घ्या, कारण अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. रक्त सकाळी उपाशीपोटी द्या आणि लोहाची गोळी चालू असेल तर आदल्या दिवशी ती घेऊ नका.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के अ‍ॅनिमियाग्रस्त आढळल्या. रात्री पाय चेपत बसलेल्या बाईचा विचार करताना हा आकडा माझ्या डोळ्यांसमोर असतो.

लोहाची गोळी दिवसातून एकदाच, किंवा एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास तरी लांब ठेवा. जेवल्याबरोबर चहा ही आपल्याकडची फार पक्की सवय आहे, पण त्या चहानं जेवणातलं लोहही अंगी लागत नाही. हळिवाचे लाडू, राजगिरा, नाचणी, डाळी, मांसाहारी असाल तर कलेजी, हे जरूर खा. मात्र रिकामा झालेला साठा नुसत्या आहारानं भरत नाही. गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. फरक दिसायला दोन-तीन महिने द्या. गोळी पचत नसेल किंवा पुरत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. ते देखरेखीखालीच घ्यायचं असतं. तपासणी न करता स्वतःच गोळ्या सुरू करू नका; काहींच्या शरीरात लोह आधीच जास्त असतं. आणि पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांत लोह कमी निघालं, तर ते कुठून झिरपतंय हे शोधलंच पाहिजे. मूळव्याध, जठरातला व्रण, कधी आतड्याचा कर्करोगही असतो.

दुसरं, तुमच्या औषधांचा डबा डॉक्टरांसमोर उघडा. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, खोकल्याच्या काही औषधांतलं डायफेनहायड्रामिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवलेलं प्रोक्लोरपेराझिन, या सगळ्यांनी पाय बिघडतात. नैराश्यावरच्या बऱ्याच औषधांनीही बिघडतात. इथे एक दुष्टचक्र तयार होतं: पायांमुळे झोप नाही, झोप नाही म्हणून माणूस खचलेला, खचलेला म्हणून अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा मिर्टाझापिन, आणि त्यानं पाय आणखी अस्वस्थ. अशी औषधं मनानं बंद करू नका. फक्त लिहून देणाऱ्या डॉक्टरांना पायांचं सांगा, पर्याय असतात.

‘हे सगळं ठीक, पण आज रात्री काय करू?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, दहा मिनिटं शतपावली घाला. मग कोमट पाण्यात पाय बुडवा किंवा थंड पाण्यानं धुवा. काहींना ऊन मानवतं, काहींना गार. दोन्ही करून पाहा. मधुमेहानं पाय बधिर असतील तर पाण्याची ऊब घरातल्या दुसऱ्या कोणाला हातानं बघू द्या, भाजल्याचं कळत नाही. पोटऱ्या चोळल्यानं, दाबल्यानं आराम पडतो. अनेक बायका ओढणीनं किंवा जुन्या साडीच्या पट्टीनं पोटऱ्या करकचून बांधून झोपतात. दाबानं बरं वाटतं हे खरं आहे, पण गाठ रक्ताची वाट अडवते आणि त्वचेला जखम करते. त्याऐवजी गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे झोपेपर्यंत घालून पाहा, मात्र पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर आधी विचारा.

मन गुंतलं की पायांचा त्रास कमी होतो, हे रुग्णांनीच आम्हाला शिकवलं. शब्दकोडं, विणकाम, पत्ते यांत डोकं चालतं. टीव्हीसमोर नुसतं पडून राहिल्यानं बहुधा वाढतं. चहा-कॉफी दुपारनंतर बंद करा. दारूनं झोप आल्यासारखी वाटते पण मध्यरात्री पाय जास्त छळतात. तंबाखू आणि मिशरीही सोडायचा प्रयत्न करा. रोज चाला, पण रात्री उशिरा जिममध्ये घाम गाळू नका. नोकरीच्या वेळा परवानगी देत असतील तर उशिरा झोपून उशिरा उठा. पहाटेनंतर हा त्रास ओसरतो, आणि ती झोप आळशीपणाची नसते. लांबचा प्रवास रात्रीच्या बसऐवजी सकाळच्या गाडीनं करा, बसायची जागा मधल्या वाटेकडेची घ्या, म्हणजे उठता येतं.

एवढ्यावर भागलं नाही तर औषधं आहेत. आज पहिली पसंती गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिनला आहे. त्यांनी गुंगी येते, तोल जातो, वजन वाढतं. मूत्रपिंड कमकुवत असेल तर डोस कमी करावा लागतो. पूर्वी सर्रास प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल दिलं जायचं, आणि अजूनही दिलं जातं. सुरुवातीला त्याचा गुण फार छान येतो. काही वर्षांत मात्र आजारच उलटतो: रात्री दहाचा त्रास सातला येतो, मग दुपारी चारला, पायांतून हातांत जातो. अशा वेळी रुग्ण आणि कधी डॉक्टरही डोस वाढवतात, आणि आगीत तेल पडतं. तुमचं असं होत असेल तर गोळी एकदम थांबवू नका, वाढवूही नका. मेंदूविकारतज्ज्ञांकडून ती हळूहळू उतरवून घ्या. या गोळ्यांनी काहींना जुगाराची, खरेदीची अनावर ओढ लागते. रुग्णाला ते स्वतःला दिसत नाही, म्हणून हे घरच्यांनी लक्षात ठेवायचं.

डायलिसिसवर असलेल्यांमध्ये हा त्रास बराच आढळतो आणि चार तास स्थिर पडून राहणं त्यांना नकोसं होतं. तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, डायलिसिस अर्ध्यावर सोडून उठू नका.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, सुमारे पाचपैकी एकीला पायांचा हा त्रास होतो. त्या काळात औषधं शक्यतो टाळतो. लोह, मालीश, पोटऱ्या ताणणं यांवर भर असतो. घरातल्यांनी रात्री तिला उठून फिरू द्यावं, ‘झोप आता’ म्हणून दामटू नये. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बहुतेकींचं थांबतं. नाही थांबलं तर फेरिटिन पुन्हा तपासा, कारण बाळंतपणातल्या रक्तस्रावानं साठा आणखी उतरलेला असू शकतो.