टेप आधी, मोजे नंतर

मनू, तुझी यादी रात्री झोपताना वाचली आणि झोपच उडाली. गुडघ्याखालचे मोजे 60 जोड, मांडीपर्यंतचे 30, हाताच्या बाह्या 20, वर पोट आवळणारे पट्टे. अगं, चंद्रपुरात वेलनेस क्लिनिक काढतेयस की होजिअरीचं दुकान? रागावू नकोस. मी हाच उद्योग करून बसलेय, म्हणून सांगतेय.

माझ्या पहिल्या वर्षी एक डिस्ट्रिब्युटर आला. “मॅडम, एम आणि एल भरून ठेवा, सगळ्यांना होतात,” म्हणाला. मी 40 जोड घेतले. कसेबसे 11 गेले. उरलेल्यांची खोकी किती वर्षं कपाटावर होती ते आईला विचार. तिने त्यातला एक जोड डिसेंबरात थंडीचे मोजे म्हणून वापरला आणि दोन दिवसांत काढून फेकला. पण पैसे अडकले त्याचं काही नाही. गेलेल्या 11 जोडांपैकी एक एका शिक्षिकेला दिला होता. दिवसभर फळ्यापाशी उभं राहायचं, पोटरीच्या शिरा फुगलेल्या. बाई उंच, म्हणून मी एल दिला. महिन्याने आल्या तेव्हा मोज्याची वरची कड गुंडाळून गुडघ्याखाली दोरीसारखी रुतली होती आणि तिच्याखाली पाय टम्म. भांडल्या नाहीत. “मला वाटलं, असंच राहते,” एवढंच म्हणाल्या. ते वाक्य मला अजून टोचतं.

तर आधी कोणाला मोजा द्यायचा नाही, ते पक्कं कर. एकच पाय अचानक सुजलाय, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, तर मोजाही नाही आणि मसाजही नाही. शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉप्लरला पाठव, “उद्या बघू” म्हणू नकोस. दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर हृदय, किडनी, थायरॉइड, चालू असलेली औषधं, यांची चौकशी आधी. हृदय आधीच थकलेलं असेल तर पायातलं पाणी वर ढकलून आपण त्याच्यावरच भार टाकतो. आणि मधुमेही किंवा वर्षानुवर्षं बिडी ओढणारा माणूस आला तर धमन्या तपासल्याशिवाय हात लावू नकोस. हातात धरायचा छोटा डॉप्लर घे. तुझ्या यादीत तोच नाही! दंडावरचा वरचा बीपी 130 आणि घोट्यावरचा 91 आला, तर भागाकार 0.7. म्हणजे पायाला रक्तच कमी पोचतंय. तिथे घट्ट मोजा चढवणं म्हणजे उरलंसुरलं रक्तही अडवणं. आकडा 0.8 च्या खाली गेला की व्हॅस्क्युलर सर्जनला विचारायचं, 0.5 च्या खाली तर मोज्याचा विषयच नाही. उलट 1.3 च्या वर गेला तर खूश होऊ नकोस. मधुमेहात धमन्या कडक होतात आणि आकडा खोटा मोठा येतो. पायाला मुंग्या, बधिरपणा असेल त्यांचंही तेच. मोजा रुतला तरी त्यांना कळत नाही.

आता माप. सकाळी घ्यायचं, पेशंट उठून कामाला लागायच्या आत, म्हणजे क्लिनिक आठला उघडावं लागेल. माझ्याकडच्या एका पोळीभाजीवाल्या काकूंचा घोटा सकाळी 22 सेंटीमीटर आणि संध्याकाळी 24.5. संध्याकाळच्या मापाचा मोजा सकाळी सैल पडतो, घसरतो आणि मग माझ्या शिक्षिकेसारखा रुततो. घोट्याच्या हाडाच्या वर सर्वांत बारीक जागा, पोटरीची सर्वांत जाड जागा, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खालीपर्यंतची लांबी. टेप कातडीला टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये. दोन्ही पाय मोजायचे. ते सारखे असतातच असं नाही. कंपनीचा तक्ता मग उघडायचा. साइज घोट्यावरून ठरते, उंचीवरून नाही. हे मी किंमत देऊन शिकले.

दाबाचं म्हणशील तर एक गोष्ट सांगते. अमेरिकेत ओहायोमध्ये कॉनरॅड जॉब्स्ट नावाचा इंजिनिअर होता. त्याच्याच पायाला शिरांच्या जखमा होत्या. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की त्याला बरं वाटायचं. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणजे घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर येता येता कमी, हे त्याच्या लक्षात आलं. त्यावरून 1950 च्या सुमाराला त्याने तसाच उतरता दाब देणारे मोजे बनवले. चांगल्या मोज्याचं मर्म अजून तेच. हातात घेऊन ताणून बघ: घोट्याशी चिवट आणि वर सैल होत गेला पाहिजे. वरून खालपर्यंत एकसारखा ताणला जात असेल तर तो साधा टाइट सॉक्स.

हा दाब बीपीसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. आणि इथेच विक्रेते गंडवतात, काही वेळा त्यांनाही माहीत नसतं. “मॅडम, क्लास टू आहे” म्हणाला तर कुठल्या देशाचा क्लास टू ते विचार. ब्रिटिश मापात तो 18 ते 24, जर्मन मापात 23 ते 32. जर्मन क्लास टू समजून ब्रिटिश घेतलास तर महिनाभर पेशंट म्हणेल, मोजे घालतेय पण फरक नाही. खोक्यावर आकडा छापलेला नसेल तर मी परत पाठवते. हॉस्पिटलात ऑपरेशननंतर घालतात ते पांढरे मोजेही कोणी स्वस्तात देऊ करेल. ते पडून असलेल्या पेशंटसाठी असतात, जेमतेम 18 चा दाब. दिवसभर चालणाऱ्या बाईला ते देऊन उपयोग नाही.

लिम्फेडेमाचं काम निराळं, आणि तुझ्याकडे ते येणारच. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, सगळा हत्तीरोगाचा पट्टा. शिवाय स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजलेल्या बाया. यांना कपाटातला तयार मोजा द्यायचाच नाही. आधी थरांचं बँडेज बांधून सूज उतरवायची, ती थांबली की मगच माप घ्यायचं. सुजलेल्या हाताच्या मापाची बाही शिवलीस तर ती सुजेलाच सांभाळत बसते. आणि यांना सपाट विणीचं कापड लागतं, शिवण असलेलं. गोल विणीचा मोजा वळीत घुसून कातडी कापतो. सपाट विणीचा ताठ असतो, वळीवरून सरळ जातो. दिसायला जाडाभरडा, आणि महागही, पण इथे काटकसर करू नकोस. बाही दिलीस तर आठवड्याने पंजा बघ. सूज खाली पंज्यात उतरली असेल तर हातमोजाही लागेल.

हत्तीरोगाच्या पायाला मोज्याआधी साबण-पाणी. बोटांच्या बेचक्या धुवून कोरड्या करायच्या, बुरशी असेल तर मलम. ताप येऊन पाय लाल-गरम झाला असेल त्या दिवसांत मोजा बंद आणि डॉक्टर आधी. एरवी मात्र नेमाने घालायला लाव. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पाय कायम सुजलेले आणि पुन्हा पुन्हा सेल्युलायटिस होणारे 84 पेशंट घेतले होते. दाबाचे कपडे वापरणाऱ्यांत 15 टक्क्यांना तो आजार उलटला, न वापरणाऱ्यांत 40 टक्क्यांना. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. मी हा आकडा पेशंटच्या नवऱ्यांना सांगते. पैसे बहुतेक वेळा त्यांच्या खिशात असतात.

पण घालणार कोण, मनू? मे महिन्यात, तुमच्या चंद्रपूरच्या उन्हात? “मॅडम, हे घालता घालताच जीव जाते,” हे तू रोज ऐकशील. म्हणून बोटं उघडी असलेला मोजा ठेव. हवा लागते, आणि आपल्या बायकांच्या जोडव्या अडकत नाहीत. बंद मोज्यासाठी जोडव्या काढा म्हटलं की निम्म्या बाया परत येत नाहीत. मांडीपर्यंतच्या मोज्याची सिलिकॉनची पट्टी घामाने पुरळ उठवते. अगदी गरजेलाच तो दे. घालायला शिकवण्यात पंधरा मिनिटं घालव. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालायचे, पावलावर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी चढवायची, तिच्यावरून मोजा सरकवायचा आणि पिशवी बोटांतून बाहेर ओढायची. एकदा तुझ्यासमोर घालून दाखवला तरच घरी नेऊ दे. मोजा रोज साध्या साबणाने धुवून न पिळता सावलीत वाळवायचा. पायाला तेल लावायचं ते रात्री, मोजा काढल्यावर. दोन जोड लागतात, आणि रोज वापरले तर सहा महिन्यांत दाब उतरतो. हे बिल करताना सांग, नंतर नाही.

आणि ते पोटाचे पट्टे. ते घातल्याने चरबी जात नाही, घाम जातो. काढून पाणी प्यालं की वजन परत जागेवर. तुझ्या पाटीवर फिजिओथेरपिस्ट लिहिलंय, तेव्हा तो खण रिकामाच राहू दे. भाडं निघायला उशीर लागेल, लागू दे.

ऑर्डर अशी दे: गुडघ्याखालचे, उघड्या बोटांचे, 20 ते 30 दाबाचे, प्रत्येक साइजचे दोन जोड. बाकी सगळं माप घेतल्यावर मागवायचं. साइज बदलून देणार का, ते त्यांच्याकडून लिहून घे. मी रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. तोवर कोणालाही आगाऊ पैसे देऊ नकोस आणि दोन टेप आणून ठेव. शिंप्याच्या, कापडी. सुताराची स्टीलची नको.